रक्त तपासतात, खोकला कोण तपासणार? (बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपास)

मलप्रभाकाठ

आमच्या आप्पांचं डायलिसिस सुरू होऊन दीड वर्ष झालं. आठवड्यातून दोन फेऱ्या, खानापूरहून बेळगाव. पहाटेची लाल बस, दवाखान्यात चार तास मशीनवर, संध्याकाळी परत. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. आप्पा अजून तिथंच जातात, आणि मशीनवरची पोरं खरंच चांगली आहेत.

पहिल्या दिवशी आप्पांना मशीनवर घ्यायच्या आधी कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीसाठी रक्त काढलं. रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणाले. आप्पांना धाप लागलेली, मी तिथंच भांडलो. टेक्निशियन पोरगा शांतपणे म्हणाला, "दादा, कावीळ बी असलेल्यांचं मशीन आम्ही वेगळं ठेवतो. आज घाई करून तुमच्या वडिलांना घेतलं, आणि उद्या त्यांच्यामुळं दुसऱ्याला लागलं तर?" त्यावर मी काय बोलणार. आता दर काही महिन्यांनी तेच रक्त पुन्हा काढतात, लसही दिली. तक्रार नाही.

तक्रार त्याच्या अलीकडची आहे. मशीनचा नंबर लागेपर्यंत सगळे एकाच हॉलमध्ये बसतात. एसी, काचा बंद, खुर्च्या एकमेकींना चिकटून. गेल्या महिन्यात आप्पांच्या शेजारी एक माणूस अडीच तास खोकत होता. टॉवेल तोंडाला लावायचा, परत मांडीवर ठेवायचा. वाळलेला, गळ्याची हाडं वर आलेली. काउंटरवर त्याला आधार विचारलं, कार्ड विचारलं, मोबाईल नंबर विचारला. "खोकला किती दिवस आहे?" एवढं कुणी विचारलं नाही. मी उठून काउंटरवरच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "फॉर्ममध्ये तसा रकाना नाही की हो."

आता आप्पांना बारा दिवस खोकला आहे. त्या माणसाकडूनच आला असं मी म्हणत नाही, ते कुणाला सांगता येणार आहे? पण रक्तातून जाणाऱ्या रोगाची एवढी काळजी घेणारे हवेतून जाणाऱ्या टीबीसारख्या रोगाला दार सताड उघडं ठेवतात, हे डोक्यातून जात नाही. तुमच्याकडं काय अनुभव?

वडगावचा माग

+१. आमच्याकडं डॉक्टरांच्या खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढायला लावतात. खोकला आत चालतो.

सिस्टरताई

मी बावीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली बरीचशी याच जिल्ह्यात. मलप्रभाकाठ, आधी आप्पांचा बेडका तपासून घ्या. दोन आठवडे पूर्ण व्हायची वाट बघू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीसाठी तपासायचं, हा नियम धडधाकट माणसासाठी आहे. किडनीचे, साखरेचे, एचआयव्हीचे रुग्ण किंवा स्टेरॉइडवर असलेले, यांना खोकला कितीही दिवसांचा असो, तपासायचाच. आणि थुंकी नको, बेडका हवा. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचा. निम्म्या डब्या नुसत्या लाळेच्या येतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून घरी जातो. डबी भरायची ती अंगणात, परसात, उघड्यावर. संडासात कोंडून घेऊन तर अजिबात नको.

आता तुमचा मुद्दा. यात नवीन काही शोधायचं नाही, जगभर ठरलेली पद्धत आहे: दारातच खोकणारा शोधा, त्याला वेगळं आणि हवेशीर जागी बसवा, त्याचा नंबर आधी घ्या, तपासणी करून लगेच औषध सुरू करा. चार प्रश्न पुरतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. एका माणसाला अर्धं मिनिट लागतं.

मग होत का नाही? आम्ही एका ठिकाणी केलं होतं. दाराशी टेबल, एक सिस्टर, मास्कचा डबा. पहिले दोन महिने झकास. मग सिस्टर कमी पडल्या, टेबलावर वॉचमन बसला. वॉचमन कुणाला घाम येतो का विचारणार? पुढं त्या टेबलावर नारळपाणीवाल्याचा हिशोब ठेवायला लागले. खोटं सांगत नाही.

आणि खोकणाऱ्याचा नंबर आधी घेतला की मागचे भांडतात. तुमच्यासारखेच, रागावू नका.

मलप्रभाकाठ

नाही रागावलो ताई. खरंय. डबी उद्याच घेतो.

निपाणीकर मास्तर

आमच्या निपाणीत खोकला हा आजारच धरत नाहीत, हा मोठा घोळ आहे. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाया, विड्या वळणाऱ्या बाया, सगळ्यांना खोकला. विचारलं की उत्तर ठरलेलं: "खकाणा जातोय नाकातोंडात, त्याचा हाय." खकाणा म्हणजे तंबाखूची धूळ. सकाळी ठसका, संध्याकाळी ठसका. अशा ठिकाणी 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?' याला काय अर्थ उरतो? वीस वर्षांचा आहे म्हणतील. आणि खरंच असतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई अशीच. खकाणा खकाणा म्हणत आठ महिने काढले. शेवटी रक्त पडलं तेव्हा दवाखान्यात नेलं. तोवर एका खोलीत पाच माणसं झोपत होती, त्यांतलं एक तीन वर्षांचं.

माझा प्रश्न जाणकारांना. जिथं सगळेच खोकतात तिथं तपासायचं कसं?

उद्यमबाग भट्टी

मास्तर, आमच्या फाउंड्रीत पण हेच. वाळूची धूळ. तिनं फुप्फुसं आधीच खरवडलेली असतात, त्यावर टीबी सहज बसतो म्हणतात. कारखान्याच्या तपासणीत उंची, वजन, डोळे. एक्स-रे कधीतरी.

स्लाइडवाला

मास्तरांच्या प्रश्नाला उत्तर देतो. मी प्रयोगशाळेतला, त्यामुळं जरा आकडे सहन करा.

2019 ते 2021 मध्ये देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं, घरोघरी जाऊन. त्यात दोन गोष्टी पुढं आल्या. लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. आणि नुसती लक्षणं विचारून थांबले असते, छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्यांपैकी 42.6 टक्के रुग्ण सुटले असते. म्हणजे खोकला विचारणं ही पहिली चाळण. वखारीत, फाउंड्रीत, ऊसतोडीच्या खोपीत एक्स-रेच न्यायला पाहिजे. आता हातात धरायची एक्स-रे यंत्रं आली आहेत, बॅटरीवर चालतात. डिसेंबर 2024 मध्ये शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, त्यात ती गावोगाव फिरवली.

पण एक्स-रेवर डाग दिसला म्हणजे टीबी नव्हे, आणि इथं माणसं घाबरतात. समजा वखारीत 1000 बाया आहेत आणि त्यांतल्या 10 जणींना खरोखर टीबी आहे. तुमची चाळणी त्यांतल्या 9 पकडते, चांगलीच म्हणायची. उरलेल्या 990 मधल्या शंभरात दहा जणींवर ती चुकून बोट ठेवते. म्हणजे 99. एकूण 108 बायांना 'पुढची तपासणी करा' सांगितलं, त्यांतल्या 9 खऱ्या. त्या 108 जणींची नावं गल्लीत फुटली तर पुढच्या वर्षी एक्स-रेला कोण येईल?

म्हणून दुसरी पायरी त्याच दिवशी व्हायला हवी. ट्रूनॅटचं यंत्र आपल्या शेजारी गोव्यातलंच. एसी खोली लागत नाही, तासाभरात टीबीचा जंतू आहे की नाही सांगतं, आणि असेल तर आणखी तासाभरात रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याला लागू पडेल का तेही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. सकाळी एक्स-रे, दुपारी निकाल, संध्याकाळी 99 बाया निवांत. हे जमत नसेल तर मोहीम काढूच नये, असं माझं मत.

कोगनोळी रिटर्न

छान छान. आता माझं ऐका. तपासणी म्हटलं की मला कोगनोळीचा टोलनाका आठवतो. फेब्रुवारी 2021. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरायला 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर पाहिजे. माझी बहीण कागलला, आई निपाणीत. वीसेक किलोमीटरसाठी कोल्हापुरात रांग लावून नाकात काडी घालून घ्यायची. आणि आडवाटेनं शेतातून मोटरसायकली बिनधास्त जात होत्या. रोगानं काय फक्त हायवे धरला होता?

उन्हातून हेल्मेट घालून आलो तर कपाळावर बंदूक धरून "ताप आहे" म्हणाले. पाच मिनिटं झाडाखाली बसवलं, मग "नाही" म्हणाले. असल्या तपासणीवर माझा विश्वास नाही. माणूस अडवायला काढलेली युक्ती.

स्लाइडवाला

कोगनोळी रिटर्न, अर्धं मान्य. कोविड लक्षणं दिसायच्या आधीच पसरत होता, त्यामुळं ताप मोजून तो पकडणं अवघडच. ती बंदूक म्हणजे देवळाच्या दारातल्या घंटेसारखी, वाजवल्याचं समाधान. पण 'चुकीच्या रोगाला चुकीची चाळण' आणि 'चाळणच नको' यात फरक आहे. टीबीचा माणूस महिनोन्‌महिने खोकतो, म्हणजे पकडायला वेळ मिळतो. औषध आहे, फुकट आहे, आणि नेमकं औषध सुरू झालं की त्याच्यापासून दुसऱ्याला लागणं झपाट्यानं कमी होतं. कोविडच्या नाक्यावर पकडलेल्याला आपण काय देत होतो? घरी जा.

चंदगडी काजू

सीमेचा विषय निघालाच आहे म्हणून. आम्ही चंदगड तालुक्यातले. जिल्हा कोल्हापूर, पण आजारी पडलं की गाडी शिनोळीवरून बेळगावलाच. कोल्हापूर किती लांब! माझ्या चुलत्यांना टीबी निघाला बेळगावात. औषधं कुठं घ्यायची? तिकडं म्हणाले तुमच्या गावच्या केंद्रात. गावच्या केंद्रात म्हणाले तिकडून कागद येऊ दे. काका मधले नऊ दिवस तसेच. घरात सून बाळंतीण.

नंतर कळलं की नि-क्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर नाव चढलं की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ऑनलाइन पाठवता येतं, कागद लागतच नाही. एका भल्या माणसानं फोनवरून दहा मिनिटांत केलं. म्हणजे सोय होती, बटण दाबणारा नव्हता.

रुग्ण असलेल्या घरांनी 1800-11-6666 हा टोल फ्री नंबर जपून ठेवा. पोषणाचे पैसेही विचारून घ्या. नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झालेत, आधी 500 होते. बँकेत नाव आणि आधारवरचं नाव जुळलं तर येतात. आमचं 'पाटील' आणि 'पाटिल' झालेलं.

आशाताईंची लेक

माझी आई आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे, खानापूर तालुक्यात. तिच्या हातातला फॉर्म कन्नडमध्ये. आई घरात मराठी बोलते, कन्नड शिकून घेतलंय, वाचते व्यवस्थित. पण प्रश्न फॉर्मवरचा जसाच्या तसा विचारला तर म्हातारी बघत राहते. "केम्मु इद्या?" (खोकला आहे का?) म्हटलं की जंगलाकडच्या वाडीतली आजी म्हणते, "होय होय, आहे की," कारण तिला वाटतं रेशन आहे का विचारतायत. 😀 आणि जिला खरा खोकला आहे ती "इल्ला" (नाही) म्हणून मोकळी, लवकर जा बाई म्हणून.

मग आईनं स्वतःचीच पद्धत काढली. ती खोकला विचारतच नाही. "पोलकं सैल झालंय का?" विचारते. "रात्री उशी भिजते का?" विचारते. आणि थोडा वेळ ओसरीवर बसते. बसलं की ऐकू येतंच.

भाषेवरून भांडण लावायला हे लिहिलं नाही, कृपया तिकडं नेऊ नका. कन्नड गावात मराठी फॉर्म नेला तरी हेच होईल.

निपाणीकर मास्तर

पोलकं सैल झालंय का! उद्या वखारीत हेच विचारायला सांगतो. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

कोगनोळी रिटर्न

बरं, हे मान्य. ही बाई माझ्या आईकडं आली तर चालेल.

नाव नको

आयडी नवीन काढलाय, समजून घ्या. 'तपासा तपासा' म्हणणाऱ्यांनी एक बाजू ऐकावी.

माझ्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, एका खासगी ठिकाणी. न विचारता एचआयव्हीचं रक्त काढलं. पॉझिटिव्ह आलं. रिपोर्ट त्याच्या हातात पडायच्या आधी वॉर्डातल्या आयाला ठाऊक. कॉटच्या पायाला लाल चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी "आमच्याकडं ती सोय नाही" म्हणून डिस्चार्ज. हर्निया तसाच. गावी येईपर्यंत गावाला कळलेलं. त्यानंतर दोन वर्षं तो कुठल्याच दवाखान्यात गेला नाही, गोळ्यांसाठीसुद्धा. त्या चिकटपट्टीनं कुणाचा रोग थांबला?

सिस्टरताई

नाव नको, तुमच्या भावाबरोबर जे झालं ते बेकायदा होतं. एचआयव्हीचा 2017 चा कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. माणसाला समजावून, संमती घेऊन मगच चाचणी, निकाल गुप्त, आणि पॉझिटिव्ह म्हणून उपचार नाकारता येत नाही. अशा प्रकाराची तक्रार करता येते. करायची का नाही हे तुमच्या भावानं ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही.

आणि खरं सांगू? ऑपरेशन थिएटरमध्ये त्या चिकटपट्टीचा उपयोगही नाही. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणी निगेटिव्ह येते. म्हणून आम्हाला शिकवलेलं, समोरच्या प्रत्येकाचं रक्त बाधित समजून हातमोजे, सुई, कचरा सांभाळायचा. डायलिसिसला वेगळं मशीन, रक्तपेढीत प्रत्येक बाटलीच्या पाच तपासण्या (एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस, मलेरिया), तिथं निकाल बघून पुढचं पाऊल बदलतं. कॉटवर पट्टी लावून काहीच बदलत नाही, फक्त सिस्टर लांबून बोलायला लागतात. आमच्यातल्याही लागतात, कबूल करते.

भाऊ आता गोळ्या घेतात का?

नाव नको

घेतो. गेल्या वर्षापासून. सरकारी केंद्रातल्या एका समुपदेशक बाईंनी घरी फोन करून करून आणलं. हर्नियाचं पण झालं, दुसरीकडं.

टिळकवाडी जुना माणूस

जरा अवांतर. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान आज पोरांना क्रिकेटसाठी ठाऊक. तिथं देवीची लस बनायची. माझे वडील सांगायचे त्यांच्या लहानपणीचं, प्लेगच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. 1897 च्या साथरोग कायद्यानंतर रेल्वे स्टेशनांवर उतारूंना उतरवून काखेत, जांघेत गाठी बघायचे. घरात शिरून रोगी उचलायचे. मग लोक रोगी माळ्यावर लपवायचे, मेला तर रात्री गुपचूप नेऊन जाळायचे.

मी स्वतः पाहिलं ते देवीचं. 1975 च्या सुमारास भिंतींवर रंगवलेलं असायचं, देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये. आरोग्याचा माणूस देवी आलेल्या पोराचं चित्र घेऊन दारोदार, शाळेत, बाजारात. "असं कुठं पाहिलंस का?" आम्ही पोरं हजार रुपयांसाठी गावभर शोधत फिरायचो, कांजिण्यांचीसुद्धा कळवायचो. 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. शोध दोन्ही वेळा घरोघरी होता. एकदा लोकांनी रोगी लपवले, एकदा स्वतः कळवले.

वडगावचा माग

काका, हे अवांतर नाही.

दगडी वॉर्ड

निवृत्त डॉक्टर आहे, धागा कालपासून वाचतोय. हॉलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

खोकणारा ओळखायला तुम्ही कितीही प्रश्न विचारा, काही जण सुटणारच. त्या सुटलेल्यांसाठी खिडकी. पेरू देशात लीमाच्या दवाखान्यांत हवा मोजलेला अभ्यास 2007 मध्ये छापून आला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत खिडक्या-दारं उघडी ठेवली की यंत्रानं हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांपेक्षा कितीतरी जास्त हवा बदलत होती. मी ज्या दगडी वॉर्डात शिकलो तिथं छत पंधरा-सोळा फूट, समोरासमोर खिडक्या, पावसाळ्यात चादरी ओल्या व्हायच्या आणि आम्ही शिव्या घालायचो. आता तिथं फॉल्स सीलिंग आणि एसी. बेळगावच्या हवेत एसी कशाला लागतो, देव जाणे.

मास्कही खोकणाऱ्यानं लावायचा, फक्त शेजाऱ्यानं लावून भागत नाही. दक्षिण आफ्रिकेत टीबीच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यात सोडून बघितली. रुग्णांनी साधे मास्क लावलेल्या दिवसांची हवा मिळालेल्या 90 पैकी 36 गिनीपिगांना लागण झाली, मास्क नसलेल्या दिवसांच्या 90 पैकी 69 ना. पाच रुपयांचा मास्क आहे हो. पण तो देताना "तोंड झाक" म्हणालात तर माणूस तो खिशात घालतो. "काका, खोकला आहे ना, हा घ्या आणि बाहेर गार हवेत बसा, नंबर आला की मी हाक मारते" म्हणालात तर लावतो.

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीच्या घरातल्या त्या तीन वर्षांच्या पोराची तपासणी झाली का? टीबी नसेल तर प्रतिबंधाची औषधं मिळतात, मोफत. आधी टीबी नाही ना हे बघून मगच सुरू करायची.

निपाणीकर मास्तर

झाली सर. घरातल्या सगळ्यांची झाली. पोराला टीबी नाही, औषध चालू आहे. त्याची मोठी बहीण, माझी विद्यार्थिनी, तिचा मात्र निघाला. सहा महिन्यांतला चौथा चालू आहे. शाळेत परत येते. बाकावर शेजारी कोण बसणार यावरून दोन दिवस गेले, मग मीच माझी खुर्ची तिच्या बाकाशेजारी ओढून शिकवायला लागलो. आता कुणी बघतही नाही.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. आप्पांचा ट्रूनॅट निगेटिव्ह. एक्स-रेत फुप्फुसात पाणी दिसलं. डॉक्टर म्हणाले डायलिसिसला पाणी कमी काढलं जात होतं, त्याचा खोकला. वजन दोन किलोनं खाली आणलं, खोकला गेला.

काउंटरवरच्या बाईंना सिस्टरताईंचे चार प्रश्न एका कागदावर लिहून दिले, मराठी आणि कन्नड दोन्हीत. कन्नड आशाताईंच्या लेकीकडून तपासून घेतलं. बाई म्हणाल्या, वरून आदेश आल्याशिवाय चिकटवता येणार नाही. अर्ज दिलाय, शिक्का मारून पोच घेतली.

आप्पांनी मात्र आदेशाची वाट बघितली नाही. ते आता दारालगतच्या खुर्चीत बसतात, जानव्याला किल्ली लावावी तशी मास्कची पिशवी गळ्यात. येणाऱ्या प्रत्येकाला आधी "कुठलं गाव?", मग पाहुणे-सोयरे काढून झाले की "खोकला किती दिवस?". कालच्या फेरीला एक जण मास्क घेऊन पोर्चमध्ये जाऊन बसला. एक जण आप्पांशी भांडला. वॉचमनची खुर्ची गेली म्हणून तोही नाराज आहे, त्याला पुढच्या वेळी खायला कुंदा नेतोय.